पाठीतलं मिठागर

आमच्या व्याह्यांइतका लघवीचा मान राखणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि जिल्ह्याबाहेर शोधायला निघालात तर तेच वाटेत भेटतील आणि विचारतील, "निघताना जाऊन आलाव का?" हा शब्द मी सरळ लिहिला म्हणून दचकू नका. मीही सत्तरीची बाई. किहीमला या नारळी-पोफळीच्या वाडीत सून म्हणून आले तेव्हापासून आमच्या घरात या गोष्टीला नावच नव्हतं. 'जाऊन येते' एवढंच म्हणायचं, कुठे ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. आमचे हे तर शाळामास्तर. छत्तीस वर्षं मुलांनी करंगळी दाखवली की ह्यांनी मान हलवायची, एवढाच त्यांचा या विषयाशी संबंध. आणि अशा घरात माझ्या मुलाने मिठागरवाल्यांची मुलगी पसंत केली आणि तिच्यामागोमाग तिचे वडील आले.

बोलणी करायला आले तेव्हा मी पाहिलं, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला टिळा, आणि काखेत पिशवी असावी तशी पाण्याची मोठी बाटली. विहीणबाई बिचाऱ्या पूर्वीच गेलेल्या, म्हणून एकटेच आले होते. आम्ही वाडीवाली माणसं, ते आगरी. दोन्हीकडच्या नातेवाइकांची नाकं मुरडून झाली होती, त्यामुळे काय बोलतात, कसं बोलतात, अशी आम्हाला धाकधूक. हे झोपाळ्यावर ताठ बसलेले. व्याह्यांनी बाटलीतले चार घोट घेतले, तोंड पुसलं आणि विचारलं, "मास्तर, दिवसाला कितींदा जाता?"

"कुठे?" हे म्हणाले.

"लघवीला."

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे. शेवटी चौकशी समितीपुढे बोलावं तसं म्हणाले, "साधारणपणे... चार वेळा."

"रंग कसा?"

आता ह्यांनी पायाने झोपाळ्याला झोका द्यायला घेतला. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "हळदीसारखा. पाणी पितच नाहीत. सकाळी तांब्या भरून ठेवते तो संध्याकाळी तस्साच." मला कसं ठाऊक म्हणून विचारू नका, चाळीस वर्षांचा संसार आहे. व्याह्यांनी बशी हातात घेतली आणि माझ्याकडे फार समाधानाने पाहिलं. "या घरात पोर द्यायला माझी हरकत न्हाय," म्हणाले, "हितं खरं बोलनारं मानूस हाय." झाली बोलणी. मानपान, हॉल, पंगतीला किती माणसं, हे सगळं पुढे फोनवर पाच मिनिटांत ठरलं. त्या दिवशीचा उरलेला दीड तास ह्यांच्या मूत्रपिंडांवर गेला.

आता हे वेड कुठून लागलं ते सांगते. व्याह्यांचं बालपण, तरुणपण सगळं पेणच्या बाजूला खाडीकाठच्या मिठागरात गेलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं, उन्हाने आटवायचं आणि खाली बसलेलं मीठ ओढायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांचं काम. पुढे मिठागर गेलं. आता तिथे कंटेनर उभे असतात. व्याह्यांनी दोन ट्रेलर घेतले, ड्रायव्हर ठेवले, आणि स्वतः घरी बसून राहिले. पाण्याचा माणूस, त्याच्या हाताखाली पाणीच राहिलं नाही. तशात एक दिवस मुलीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक ओट्यावर उघडं पडलं होतं. त्यात आकृती. वर दोन पिंडं, त्यातून खाली आलेल्या दोन नळ्या, मध्ये एक पिशवी, तळाशी एक दार. व्याही उभ्या उभ्या पाहत राहिले. मग लेकीला हाक मारली, "गो, हे तं आमचं मिठागर. पुस्तकवाल्यांना कुनी दावलं?"

त्या दिवसापासून त्यांचा हात पुन्हा पाण्याला लागला असं म्हटलं तरी चालेल. पुस्तक पाठ केलं. मुलगी बारावीला गेली तेव्हा तिच्याआधी तिचं पुस्तक यांनी वाचलं. आणि मग जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. मी हे व्याख्यान इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

"विहीनबाय, पाठीला हात लावा. बरगड्या संपतात तिथं, दोन बाजूला दोन. मुठीएवढी. त्यात बारीक बारीक गाळन्या, लाखांनी. रगत आत येतं. गाळन्या काय करतात, कचरा तेवढा उचलत बसत न्हाईत. पानी, मीठ, साखर, समदं आदी बाहेर काडतात. मंग कामाचं एकेक परत घरात घेतात. उरलं ते लघवी."

"म्हणजे मी कपाट आवरते तसं," मी म्हटलं. कारण मलाही सगळं पलंगावर ओतल्याशिवाय कपाट आवरताच येत नाही, आणि ह्यांना नेमकं तेव्हाच आडवं व्हायचं असतं.

"अगदी. दिवसभरात पिंपांवर पिंपं गाळतात आनि तांब्या-दीड तांब्या सोडतात. आमी मिठागरात पानी उडवून मीठ ठेवायचो. हितं पानी राखून जास्तीचं मीठ सोडतात. उलटं मिठागर. देवानं प्रत्येकाच्या पाठीत दिलंय, सातबारा नको, काय नको."

मग नळ्या. त्यांतून पाणी नुसतं उताराने येत नाही. नळी स्वतःच आवळते, सुटते, आवळते, सुटते, एकामागून एक लाट खाली ढकलते. "मास्तर सकाळी शीर्षासन करतात ना? डोकं खाली, पाय वर. तवापन काम चालू असतं, थेंब उलटा येत न्हाय." हे ऐकल्यावर ह्यांनी चार दिवस शीर्षासन केलं नाही. म्हणाले, लक्ष तिकडेच जातं.

आणि मग यायची उघाडी. इथे व्याह्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा व्हायचा. खाडीच्या बांधात लाकडी झडपेचं दार बसवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं साचलेलं पाणी ते दार ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचं पाणीच बाहेरून रेटून दार बंद करतं, खारं पाणी शेतात शिरू देत नाही. माणसाने हातही लावायचा नाही. "तसंच हितं," व्याही म्हणायचे. "नळी पिशवीत सरळ जात न्हाय, तिरकी घुसते. पिशवी भरली का तिच्याच दाबानं नळीचं तोंड मिटतं. खालचं पानी वर चढत न्हाय. कुनी शिकवलं वो त्याला?"

शेवटी तळाची दारं. एक आतलं, ते आपल्या हातात नसतं. एक बाहेरचं, ते आपलं. पिशवी ताणली की ती मेंदूला निरोप देते, मेंदू म्हणतो, थांब जरा, पाहुणे बसलेत. "तान्ह्या पोराला बाहेरचं दार सापडलेलं नसतं. म्हाताऱ्याचं कुरकुरतं. मधली चाळीस-पन्नास वर्सं मानूस राजा."

एकदा त्यांच्या अशाच कुठल्याशा बोलण्यावर मी इतकी हसले, इतकी हसले की माझं मधलं राजेपण संपल्याचं मला खुर्चीतच कळलं. बायकांना सांगायला नको, खोकला आला, शिंक आली, पोट धरून हसलं की थोडं व्हायचंच. मी तोंड पाडून आत पळाले. परत आले तर व्याही भिंतीकडे तोंड करून बसलेले. तसेच, मागे न वळता म्हणाले, "लाजू नका, विहीनबाय. दोन बाळंतपनं झाली, खालचा बांध सैल झाला. बांध कसतो. लघवी अडवताना आवळता तसं आवळा, दहा मोजा, सोडा. भाजी निवडताना करा, कुनाच्या बापाला कळत न्हाय." मी करून पाहिलं. तीन महिन्यांत फरक. मग मी शेजारणीला सांगितलं, तिने जावेला. आमच्या भजनी मंडळात आम्ही अकराजणी. मधल्या काळात आमचं भजन ऐकून बाहेरगावचे लोक म्हणायचे, या बायका गाताना फार एकाग्र होतात. आता एकाग्र होतो ते कुठे, ते विठ्ठलाला माहीत.

बायकांचं त्यांना फार वाटायचं. आम्ही बायका प्रवासाला निघालो की आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतो, कारण वाटेत जायचं कुठे? व्याह्यांना हे सहनच होईना. पेणपासून श्रीवर्धनपर्यंत रस्त्याला बायकांना जाण्यासारखी स्वच्छ जागा कुठे कुठे आहे, कुठल्या पेट्रोल पंपावर, कुठल्या देवळाच्या मागे, कुठल्या खानावळीची मालकीण चांगली आहे, हे त्यांना तोंडपाठ. एकदा एका बसस्टँडावर बायकांच्या संडासाला कुलूप. चावी साहेबांकडे, साहेब मीटिंगला. व्याह्यांनी चहावाल्याकडून स्टूल मागून आणलं आणि त्या कुलपासमोर जाऊन बसले. शिपाई म्हणाला, "काका, हितं बसू नका, लेडीज हाय." व्याही म्हणाले, "लेडीज कुठं हाय? कुलूप हाय. कुलपापुढं बसलोय." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला हात जोडून सांगत होते, "दोन मिनिटं थांबा ताई, चावी येतेय." तासाभरात वीस-पंचवीस बाया जमल्या. मग साहेब मीटिंगमधून धावत आले. ते कुलूप पुन्हा लागलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि ट्रेलर. लोकांच्या गाड्यांच्या पाठीवर देवाचं नाव असतं, मुलांची नावं असतात. यांच्या दोन्ही ट्रेलरच्या मागे पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'हॉर्न द्या, पाणी प्या, वेळेवर उतरा.' ड्रायव्हरना दर तीन तासांनी गाडी बाजूला घ्यायची सक्ती. एक जुना ड्रायव्हर मला म्हणाला, "मावशी, दुसरे शेठ विचारतात गाडी कुठवर आली. आमचे शेठ विचारतात, झाली का?"

नात झाली तेव्हा तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. बाळंतिणीच्या खोलीत येऊन बाळाचं नाक कोणावर, रंग कोणावर, हे काही नाही. दोरीवर वाळत घातलेली दुपटी-लंगोट मोजायचे. "आज आठ. मूत्रपिंडं फस्क्लास." विकतच्या डायपरवर त्यांचा राग. म्हणायचे, "त्याच्यात रंग दिसत न्हाय. पोर काय सांगतेय ते ऐकायचं कसं?" एकदा तिने मांडीवर धार सोडली तर उठले नाहीत, हलले नाहीत, तसेच भिजत बसले. सून म्हणाली, "बाबा, द्या तिला इकडे." व्याही म्हणाले, "थांब गो. मधी तोडू नये कुनाची."

आता तुम्ही म्हणाल, एवढा जाणता माणूस, याला या बाबतीत काही व्हायचं नाही. मलाही तसंच वाटायचं.

पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ही, की व्याह्यांनी विचारणं सोडलं. बारशाला घर भरलेलं, आणि यांनी एकाही पाहुण्याला कितींदा जाता म्हणून विचारलं नाही. बाटली मात्र हातातून सुटत नव्हती. पूर्वी चार घोट घ्यायचे, आता घटाघटा अर्धी. मग न्हाणीघरात जायचे आणि आतून नळ सोडायचे. नळ वाहतोय, वाहतोय. मला वाटलं, टाकी रिकामी होते आता. बाहेर आले की चेहरा दमलेला. मी ह्यांना म्हटलं, "व्याह्यांचं काहीतरी बिनसलंय." हे म्हणाले, "वयपरत्वे वेळ लागतो. मला नाही का लागत." खरं तर मीच विचारायला हवं होतं. ज्या माणसाने आम्हा अकराजणींची लाज घालवली, त्याला विचारायची मला लाज वाटली. पाच-सहा महिने मी गप्प बसले. ते मला आजही लागतं.

नात सात महिन्यांची झाल्यावर तिला कुलदेवीच्या पायावर घालायला न्यायचं ठरलं. देवी श्रीवर्धनच्या बाजूला, म्हणजे आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घालायची, खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, पुढे तासाभराचा रस्ता. ह्यांनी वाडीला पाणी लावायचंय म्हणून अंग काढून घेतलं. मुलगा गाडी चालवायला, सून, तान्ही, मी आणि व्याही, असे निघालो. व्याही पुढच्या सीटवर. मुरूड येईपर्यंत त्यांनी दुसरी बाटली संपवली. वाटेत त्यांच्या आवडीच्या दोन जागा आल्या, दोन्ही ठिकाणी उतरले, बराच वेळ लावून आले.

आगरदांड्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग होती. बोट अजून पलीकडे. पोर रडायला लागली म्हणून सुनेने ती पुढे केली, "बाबा, घ्या जरा." आणि व्याही म्हणाले, "नको. आता नको." मी मागून वाकून पाहिलं. एका हाताने दाराची मूठ घट्ट धरलेली, कपाळावरून घाम, आणि शर्टाखाली ओटीपोट असं वर आलेलं, जणू आत घडा पालथा घातलाय.

मी खाली उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "व्याही, शेवटची कधी झाली?"

ते समोर खाडीकडे बघत होते. "सकाळपास्नं न्हाय."

"आणि काल?"

"थेंब थेंब." मग मला समजावायला लागले, अगदी नेहमीच्या व्याख्यानाच्या आवाजात. "घाबरू नका विहीनबाय. दार कुरकुरतंय, एवढंच. जुनी उघाडी अशीच अडते. मंग काय करतात? आतलं पानी वाढू देतात. दाब वाढला का दार आपसूक सुटतं. म्हनून तं पितोय. आनि आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच, सव्वापाचला भरती झाली. साडेअकराला पुरी ओहोटी. पलीकडं जाईपर्यंत मोकळं होईल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण माणसाच्या पोटाला ती लावलेली मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ते बोलताहेत तोवर हात बाटलीकडे गेलेला. मी ती बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि धक्क्याच्या कडेला पालथी केली. पाण्याला देव मानणाऱ्या माणसासमोर मी पाणी ओतलं.

"गाडी मागे घे," मी मुलाला म्हटलं. "मुरूडला दवाखान्यात."

"न्हाय," व्याही म्हणाले. "पोरीचं पयलं दर्शन. माझ्यापायी देवीच्या वाटंवरनं मागं फिरायचं न्हाय. आनि काय सांगू डॉक्टरला? पाच गावची मानसं मला विचारायला येतात. मलाच होत न्हाय म्हनून सांगू?"

एवढ्यात बोट लागली. बोटीवरच्या माणसाने आमच्या गाडीला हात केला, "चला, घ्या पुढं, घ्या." मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मुलगा माझ्याकडे बघतोय, सून पोरीला घेऊन रडकुंडीला आलेली, आणि माझ्या डोक्यात एकच, एकदा का आपण बोटीत चढलो की दवाखाना खाडीच्या मागे राहिला. मला डॉक्टरकीतलं काय कळतंय? पण मला एक व्याख्यान पाठ होतं.

मी म्हटलं, "व्याही, नळी तिरकी घुसते. पिशवीच्या दाबाने तोंड मिटतं. तुम्हीच शिकवलंत. पण कुठवर? तळाचं दार बंद, तुम्ही वरून पाणी ओतताय. बांधाला बाहेर वाट नसली तर पाणी कुठे जातं?"

त्यांनी नजर पुन्हा खाडीकडे नेली.

"सांगा की. मिठागरातलंच विचारतेय."

"मागं," व्याही म्हणाले. मग माझ्याकडे वळले. तो चेहरा मी विसरणार नाही. पाठीला, बरगड्या संपतात तिथे, त्यांनी हळूच हात लावला. "दोन दिवस झाले, हितं दुखतंय," म्हणाले. "वर चडलं काय, विहीनबाय?"

मुलाने गाडी कशी वळवली ते त्या रांगेतल्या लोकांना विचारा. मुरूडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला मात्र, त्यांना आडवं केलं आणि नळी घालायला घेतली. मी पडद्याच्या अलीकडे. आत कुजबुज, हातमोज्यांची चरचर, व्याह्यांचा एक दबका 'आई गो'. मग नर्सचा आवाज, "सर, ही पिशवी भरली, दुसरी लावू?" आणि त्यानंतर व्याह्यांचा एक सुस्कारा आला, इतका लांब, इतका गोड, की सुनेच्या खांद्यावरची तान्हीसुद्धा रडायची थांबली. मी पदर तोंडाला लावून हसतेय आणि रडतेय. आतून हाक आली, "विहीनबाय, घड्याळात किती वाजले?"

"साडेअकराला पाच कमी."

"बघा," व्याही म्हणाले. "ओहोटी."

तिथून अलिबागला मोठ्या दवाखान्यात. तिथली डॉक्टर सुनेच्याच वयाची. तिने सोनोग्राफी केली आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत, रक्तातला कचरा वाढलाय, किती सावरतील ते आठवड्याभरात कळेल. तो आठवडा काही आम्ही कोणी जेवलो नाही धड. व्याही मात्र पलंगाच्या कडेला टांगलेल्या पिशवीकडे तासन्‌तास बघत पडायचे. एवढी वर्षं ज्याच्याबद्दल बोलत आले ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर, थेंबाथेंबाने, वरच्या रेघांनुसार भरताना. डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. पिशवीच्या खाली, दाराच्या मार्गाला वेढून एक सुपारीएवढी गाठ. "ही पुरुषांना असतेच, आबा. वय झालं की वाढते आणि मार्ग आवळते. दाबाने ती उघडत नाही. तुम्ही पाणी पीत गेलात तसं मागे तुंबत गेलं."

व्याह्यांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "ही मिठागरात नव्हती," म्हणाले.

"म्हणून मिठागराचं ऑपरेशन करावं लागत नाही," ती म्हणाली. "तुमचं करायचंय."

खरं सांगायचं तर पुस्तकाच्या आकृतीतही ती बहुधा असावी. पण यांनी ज्या दिवशी ते पान पाहिलं त्या दिवशी त्यांना आपलं गेलेलं मिठागर दिसलं, आणि मिठागरात जे नाही ते त्यांना कधी दिसलंच नाही. मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. मीही माणसांत माझ्या आईलाच शोधत फिरते.

आठवड्याने आकडे उतरले. एक मूत्रपिंड पुरतं सावरलं, दुसरं थोडं दमलेलंच राहिलं. ऑपरेशन झालं, पोटाला टाका नाही, मार्गातूनच गाठ कोरून काढली. नळी काढल्यावर पहिल्यांदा आपलं आपण जाऊन आले तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांनी, अनोळखी माणसांनी, टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी आम्ही सगळे मिळून देवीला जाऊन आलो. हेसुद्धा आले, तांब्याभर पाणी पिऊन.

पण एक झालं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मीठ कमी सांगितलंय. मिठात जन्मलेला माणूस, आमच्याकडे जेवायला बसतो तेव्हा मी त्यांची आमटी वेगळी काढते. तक्रार करत नाहीत. आणि व्याख्यान बंद झालं. अजून लोक येतात विचारायला, अमक्याला जळजळ होते, तमक्याला राहवत नाही. व्याही ऐकून घेतात आणि एवढंच म्हणतात, "डॉक्टरला दाखव. आज जा, उद्या नको." शहाणपणाचं तेच आहे, माझंही तेच म्हणणं आहे. तरी मला चुकल्यासारखं होतं. मधूनच मी त्यांना डिवचते, "अहो व्याही, त्या लाटांचं काय ते सांगा ना, शीर्षासनाचं." ते हसतात. "तुमाला पाठ हाय, तुमीच सांगा." आणि खरंच मी सांगते. मी सांगताना ते डोळे मिटून ऐकतात, कुठे चुकलं तर बोट वर करतात.

नात आता अडीच वर्षांची झाली. सुट्टीला ती आणि तिचे आबा, म्हणजे आमचे व्याही, आमच्याकडे किहीमला येतात. तिची एकच अट आहे, शू आली की आबांनीच यायचं. आईने यायचं नाही, मी यायचं नाही. आबा दाराबाहेर उभे राहतात आणि ती आतून झाली म्हणते. पण आबा आता झोपाळ्यावरून उठतात तेच दोन हप्त्यांत, आधी हात टेकून, मग गुडघा धरून, आणि पडवीपासून न्हाणीघर म्हणजे सगळं मागचं अंगण ओलांडून जायचं. तोवर तिचं काय व्हायचं ते जिथल्या तिथे होऊन जायचं आणि मी फडकं घेऊन धावायचे.

परवा दुपारी ती खेळ टाकून पळाली, "आबा, शू." मी फडकं उचललंच. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन ती उभी राहिली. पायात पाय गुंफलेले, ओठ मुडपलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या, सगळं अंग थरथरतंय आणि नजर पडवीकडे. आबा अजून अंगणाच्या अलीकडेच होते. मी म्हटलं, "जा गं बाय, तू बस, येतायत ते." तिने मान हलवली. व्याह्यांना ते दिसलं. त्यांनी भरभर यायचं म्हणून पाऊल उचललं, तशी ती तिथूनच, दात आवळून म्हणाली, "सावकाश ये, आबा. मी थांबलेय."